चिप बदलू नका, आधी किनार बघा

ताई, कापडात वीज वाहणाऱ्या धाग्याच्या, बोट लावलं की चालू होणाऱ्या पट्ट्या विणण्याबद्दलची तुमची पोस्ट पाहिली. "सहा पट्ट्या विणल्या, पण एकीला बोट लावलं की सहाच्या सहा जाग्या होतात" हे तुमचं वाचलं आणि चार वर्षांपूर्वीचा माझा उन्हाळा डोळ्यांपुढे आला. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही, संभाजीनगरात कापडाची डिझाइनं करतो. त्यामुळे कोड दुसऱ्या कुणाला दाखवा. पण माझ्या मते चूक कोडात नाहीच.

माझा पहिला नमुना इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (संगणकाच्या फाइलप्रमाणे उभे धागे उचलणारं यंत्र) असलेल्या रॅपियर मागावर, म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या यंत्रमागावर, विणून आला होता. पहिल्याच फटक्यात चालला. तीच डिझाइनची फाइल, तोच वीज वाहणारा स्टीलचा धागा घेऊन मी हातमागावर चार स्टोल विणून घेतले आणि चारही बंद. तीन आठवडे मी दोन बोर्ड बदलले, कोड पुन्हा लिहिला, धाग्याच्या दुकानदाराशी भांडलो. शेवटी विणकर काकांनीच किनारीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा धागा तर एकच हाय की! मी कुठं तोडलाय?"

रॅपियर माग प्रत्येक बाणा (आडवा धागा) एका बाजूने आणतो आणि कडेला कापतो. हातमागावर बाणा नेणारा धोटा परत फिरतो, धागा तुटत नाही. दोन धोटे असले तर रिकामा बसलेला स्टीलचा धागा किनारीवरून चढत पुढच्या पट्टीत जातो. म्हणजे माझ्या सगळ्या पट्ट्या मिळून एकच तार झाली होती. फाइल फक्त ताण्याचं (उभ्या धाग्यांचं) सांगते: कुठल्या फेरीला कुठले धागे उचलायचे. बाणा कुठून आला, कुठे वळला, हे तिच्यात नसतं. नॉर्वेच्या टीसी-२ सारख्या डिजिटल मागावरही ताण्याचा एकेक धागा संगणक उचलतो, पण धोटा माणूसच फेकतो. त्यामुळे असा महागडा माग मिळाला तरी हा घोळ सुटत नाही.

किनारीत दडलेला धागा कापला तर कडच सुटायला लागली. चारही स्टोल गेले. मजुरी पूर्ण दिली, कारण चूक माझी होती. त्यावर कहर म्हणजे मदतीसाठी एका कार्यालयात गेलो. एका टेबलाने सांगितलं, तार आहे म्हणजे हातमाग नाही. दुसऱ्याने सांगितलं, कापड आहे म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स नाही. सात हेलपाटे झाले. तिथला कागद आजही माझ्याकडे आहे आणि राग अजून गेलेला नाही.

आता मी प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी तीन बोटं शेपूट बाहेर ठेवून धागा तोडायला सांगतो. त्याच शेपटाला टिचबटण दाबून बसवतो, कारण स्टीलला सोल्डरचा साधा डाग नीट धरत नाही. पट्टीऐवजी बुट्टी हवी असेल तर पैठणीची रीत घ्या. तिथे प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) असते आणि धागा नक्षीच्या हद्दीतूनच माघारी फिरतो. पाठीमागे काही लोंबत नाही. आमच्याकडचं हिमरू हे नक्षीदार शालीचं कापड मला जीव की प्राण, पण त्याच्या पाठीवर जादा बाण्याचे धागे मोकळे पडतात. शाल दुमडली की ते एकमेकांना लागणार. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, मी मात्र वीज वाहणारा धागा हिमरूत घालत नाही.

स्टीलऐवजी जरीचा धागा चालेल का असं विचारलंय म्हणून: १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेले धागे असलेल्या रेशमी ऑर्गेंझावर (पातळ, पारदर्शक कापडावर) वीज वाहून नेण्याचे प्रयोग केले होते. असं कापड आपल्याकडे पूर्वीपासून विणतात. म्हणून कल्पना चांगली आहे. पण बाजारातल्या स्वस्त जरीचा धागा बहुतेक प्लास्टिकच्या पट्टीचा असतो, वरून रोगणाचा थर, त्यामुळे त्यातून वीज जाईलच असं नाही. जरीचं रीळ घेण्याआधी दुकानातच मल्टिमीटर लावा, वीज जात असेल तर तो बीप करतो. दुकानदार वैतागला तरी लावा.

तुमच्या फोटोत डाव्या कडेला राखाडी धागा पट्टीवरून पट्टीवर चढलेला दिसतोय. तुमची किनार सैल आहे, तो धागा माझ्यासारखा आत दडलेला नाही, त्यामुळे तो कापता येईल असं वाटतं. आधी एकाच ठिकाणी कापा, पहिल्या दोन पट्ट्यांना मीटर लावा आणि बीप थांबते का ते कळवा. पाठीचाही एक फोटो टाका.