वाचक विचारतात : कॉलेजच्या मैदानावर बेसबॉल

प्रश्न : अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाला जॅकी रॉबिन्सनचं नाव आहे. तो विद्यार्थी असताना एवढा मोठा बॅटर होता का? (मडगाव)

उत्तर : मुळीच नव्हता. १९४० साली यूसीएलएकडून त्याची सरासरी होती ०.०९७, म्हणजे दहा खेपांना धड एक हिटही नाही. त्याच वर्षी लांब उडीत मात्र तो राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेता ठरला. बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, अ‍ॅथलेटिक्स असे चार खेळ तो विद्यापीठासाठी खेळला. मैदानाला नाव मिळालं ते पुढच्या कामगिरीमुळे. १५ एप्रिल १९४७ रोजी हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक बेसबॉलमधली, वर्णभेदाची आडकाठी मोडली. मैदान सुरू झालं १९८१ साली, तो वारल्यानंतर.

प्रश्न : पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्यासाठी) लाल मातीचा माउंड, म्हणजे उंचवटा, केला होता. दोन महिन्यांत पुढच्या बाजूला खड्डा पडला आणि कडा ढासळल्या. काय चुकलं? (फोंडा)

उत्तर : माती चुकली. आपली जांभ्याची माती खडेदार. ती दबते, पण धरून राहत नाही, शिवाय घसरणाऱ्या खेळाडूची कातडी सोलते. माउंडला चिकणमाती जास्त लागते : साधारण ४० टक्के चिकणमाती, ४० टक्के धुतलेली नदीची रेती, उरलेला गाळ. खाजनातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली) माती नको. तिच्यातल्या मिठामुळे पावसात तिचा राडा होतो. वारुळाची माती उत्तम बांधते, पण गोव्यात वारूळ म्हणजे सातेरी देवी, तिकडे फावडं नेऊ नये.

आता मापं. होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या जमिनीतल्या पाटीच्या) मागच्या टोकापासून १७.९८ मीटरवर खुंटी ठोका आणि २.७४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. पिचर पाय टेकवतो त्या रबरपट्टीची पुढची कड त्याच टोकापासून १८.४४ मीटरवर येते, म्हणजे पट्टी वर्तुळाच्या मध्यावर नसून मागे असते. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. पट्टीचा माथा होम प्लेटपेक्षा २५.४ सेंटिमीटर उंच; पाण्याची नळी लावून लेव्हल काढा, डोळ्यांवर विसंबू नका. पट्टीच्या पुढे १५ सेंटिमीटर सपाट सोडून उतार सुरू होतो : दर ३०.५ सेंटिमीटरला २.५४ सेंटिमीटर. सैल माती तीन-चार घनमीटर हाताशी ठेवा.

माती एकदम ओतू नका. दोन-तीन सेंटिमीटरचा थर, वर हलकं पाणी, मग धुम्मस. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि तळहाताला चिकटू नये, इतकाच ओलावा. पुढचा थर घालण्याआधी खालचा दाताळ्याने खरवडा, नाहीतर दोन थर जुळत नाहीत आणि खेळताना पापुद्रे सुटतात.

तुमचा खड्डा पडला तो पिचरच्या पुढच्या पायाच्या जागी. तिथे चिकणमातीचं प्रमाण वाढवा. रोज सरावानंतर भुगा झाडून काढा, खड्डा ओला करा, नवी माती ठोकून भरा. भुग्यावरच माती घालणं हा वेळेचा अपव्यय. नंतर ताडपत्री, जूनपासून तिच्या कडांवर चिरे ठेवा आणि भोवती चर काढा.

प्रश्न : बॅटिंगच्या पिंजऱ्याला मासेमारीचं जुनं जाळं चालेल? (वास्को)

उत्तर : जुनं नको. उन्हाने धागा ठिसूळ झालेला असतो. दोन बोटांत पीळ देऊन ओढा, तुटला तर चेंडूही तोडणार. नवं घ्या, भोक ४५ मिलिमीटरपर्यंत. चेंडूचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर असतो. पिंजरा २१ मीटर लांब, सव्वाचार रुंद, पावणेचार उंच असला की पुरे. जाळं ताणून बांधू नका, थोडी झोळ ठेवा आणि खांबांपासून फूटभर आत टांगा. ताठ जाळ्यावरून किंवा खांबावर आपटून चेंडू बॅटरच्याच अंगावर येतो. पाइप गॅल्व्हनाइज्डच घ्या. साधं लोखंड खाऱ्या हवेत जोडांपाशी आधी गंजतं.