सोसायटीचं इंटरकॉम एक्स्चेंज विजेच्या कडकडाटात बंद पडलं. दुरुस्त करावं, विकावं की भंगारात द्यावं?

आधी झाकण उघडून कुणाला तरी दाखवा. फक्त तो माणूस नवीन एक्स्चेंज विकणारा नको, त्याचं उत्तर तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, "मदरबोर्ड गेला."

आमच्याकडे हेच झालं. वळवाच्या पावसात वीज कडाडली नि सगळे इंटरकॉम मुके. मी आयुष्यभर हीच यंत्रं दुरुस्त केली हे खजिनदारांना माहीत, तरी बोलावलं विक्रेत्याला. त्याने झाकणाला हात न लावता निकाल दिला. रविवारी मीच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. पॉवर सप्लायमधले दोन कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले, बुडाशी तपकिरी चिकटा. एका एक्स्टेन्शन कार्डावर, लाइन आत येते तिथेच, व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेणारा भाग, दुभंगलेला नि भोवती काजळी. गेटकडे उघड्यावरून जाणारी केबल नेमकी त्याच कार्डाला. बाकी कार्डं ठणठणीत. कॅपॅसिटर बदलले, जळकं कार्ड काढलं, गेटच्या तारांची जोडी दुसऱ्या कार्डाच्या मोकळ्या पोर्टवर घेतली. डायल टोन हजर!

तरी मीटिंगमध्ये खजिनदार म्हणाले, "जुनं ते जुनंच." चालू यंत्र किलोच्या भावाने गेलं, नवीन आलं. अर्थिंग करा म्हटलं तर बजेट नाही. पुढच्या वळवात नव्याचंही गेटचंच कार्ड उडालं. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की मोबाईलमध्ये बघतात.

तर तुमचं. पॉवर सप्लाय किंवा एखादं कार्ड गेलं असेल तर दुरुस्तच करा. सीपीयू कार्ड, म्हणजे यंत्राचा मेंदू, जळालं आणि ते मॉडेल बंद झालं असेल तर नाद सोडा, पण चांगली कार्डं सुटी विका. तेच मॉडेल सांभाळणारे दुरुस्तीवाले ती घेतात. सांगाडा नोंदणीकृत ई-कचरावाल्याला, बॅकअपची शिशाची बॅटरी बॅटरीवाल्याला परत. नवीन घ्या नाहीतर जुनं ठेवा, उघड्यावरच्या तारांच्या जोड्यांना क्रोनवर (सगळ्या लाइनी जोडतात त्या पट्टीवर) झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर हवेतच, आणि त्यांना खरं अर्थिंग; नळाला गुंडाळलेली तार चालणार नाही. खजिनदार नाही म्हणाले तर मिनिट्समध्ये त्यांच्या नावासकट लिहून घ्या.

आणि हो, वॉरंटी किंवा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) चालू असेल तर झाकण त्यांच्याच माणसाला उघडू द्या. सील तुटलेलं दिसलं की कंपनी हात वर करते.