नॅव्हिगेशनला आपलाच रस्ता कसा घ्यायला लावायचा?

प्रश्न: गाडीतलं नॅव्हिगेशन दरवेळी हायवेनेच नेतं, मला नदीकाठचा जुना रस्ता आवडतो. काय करू?

उत्तर: त्याला फक्त शेवटचं ठिकाण दिलंत तर ते बहुतेकदा सगळ्यात कमी वेळाचा रस्ताच काढणार, म्हणून मधे थांबे द्यायचे. गुगल मॅप्समधे असे 9 पर्यंत थांबे टाकता येतात, पण एवढे लागत नाहीत, जिथे दोन रस्ते फुटतात त्याच्या थोडं पुढे, आपल्याला हव्या त्या रस्त्यावर एक पिन टाकली तरी बरेचदा काम होतं. पिन मात्र मॅप पूर्ण झूम करून बरोब्बर रस्त्यावरच टाका, डिव्हायडर असेल तर आपल्या जायच्या बाजूला, नाहीतर ते यू-टर्न घ्या म्हणत बसतं आणि चालत्या गाडीत हे खरंच धोक्याचं आहे. गावाच्या नावाने थांबा टाकलात तर पार बाजारपेठेत घुसवेल. थांबा चुकला तर तो डिलीट करायचा, पण गाडी बाजूला थांबवूनच हां. सेटिंगमधलं हायवे टाळा, टोल टाळा हेही आहेच, पण ते पूर्ण प्रवासाला लागू होतं त्यामुळे मी शेवटचा उपाय म्हणूनच सांगेन.