बेघर लोकांसाठी नोकरीपूर्व प्रशिक्षणाचा वर्ग सुरू करतोय. अभ्यासक्रमात काय ठेवावं आणि माणसं टिकवायची कशी?

तीन महिन्यांचा वर्ग, आठवड्याचे पाच दिवस, संवादकौशल्य, बायोडेटा, मुलाखतीचा सराव आणि शेवटी प्रमाणपत्र, असा आराखडा तुम्ही प्रश्नाखाली दिला आहे. अगदी हाच आराखडा घेऊन आमच्या संस्थेत एक सर आले होते. मी तेव्हा मुंबईत एका बेघर निवाऱ्यात रोजगाराचं काम बघायचे. सरांशी माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सर एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून निवृत्त झालेले. सज्जन, वेळेचे पक्के, पदरचे पैसे घालणारे. पण त्यांचा एक हेका होता: या लोकांना कामाची सवय नाही, ती आधी लावायची आणि मग नोकरीला पाठवायचं. मी म्हणायचे, सर, सकाळी सहाला हे लोक भाजीबाजारात हमालीला असतात, तुम्ही कुठे असता? ते हसून सोडून द्यायचे. पुढच्या बैठकीत पुन्हा तीच स्लाइड.

मुंबईच्या लग्नसराईत तुमच्या पानात वाढणाऱ्या, ताटं घासणाऱ्या माणसांपैकी कित्येक जण रात्री फूटपाथवर झोपतात. दुपारी साडेचारच्या सुमारास टेम्पो येतो, मुकादम माणसं मोजून भरतो, पंगती उठल्या आणि भांडी झाली की रात्री एक-दोनला परत आणून सोडतो. रोख मजुरी आणि पोटभर जेवण. आमचा वर्ग तीन ते पाच. चार वाजले की मागच्या रांगेतले एकेक जण चपला शोधायला लागायचे. सरांनी हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे 'शिस्तीचा अभाव' असं लिहिलं. मुलाखतीच्या सरावात त्यांनी एकाला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगितलं, "साहेब, आधी साडेचारला कुठं असणार ते सांगा."

हा माणूस परभणीकडचा. निवाऱ्यात नावं कमी आणि गावं जास्त चालतात, त्यामुळे सगळे त्याला परभणी म्हणूनच हाक मारायचे. चाळिशीचा, काटक, दारूला हात न लावणारा. त्याला एका ऑफिस इमारतीत हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे लावून दिला. सुपरवायझरचा दुसऱ्याच दिवशी फोन, "मॅडम, असे अजून चार पाठवा." सर खूश, वर्गाचं फळ म्हणून त्यांनी देणगीदारांना मेलही केला. आठवडा भरायच्या आत परभणी गायब. अहवालात सरांनी लिहिलं, 'कामाची मानसिकता नाही.'

मी नाक्यावर जाऊन त्याला गाठलं. तो ओशाळला, मग म्हणाला, "काम वाईट नाही मॅडम. पण संध्याकाळी हातात काय?"

हा हिशेब मी त्याच्याच शेजारी कठड्यावर बसून केला, तुम्हीही करून बघा. माणूस चार तारखेला कामावर चढला. त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला. म्हणजे पस्तीस दिवस हातात दमडी नाही. कायद्याने पगाराचा कालावधी महिन्याहून मोठा ठेवता येत नाही, पण महिना चालतो, आणि ठेकेदार तो पुरेपूर चालवतात. तुमच्या-माझ्या घरात पस्तीस दिवस निघतात, कारण डब्यात तांदूळ असतो आणि वाण्याकडे उधारी असते. याला रोजचं लोकलचं तिकीट, दोन वेळचं जेवण, सुलभचे पैसे, साबण, सगळं रोखीत. फूटपाथवर उधारी देतो कोण?

आणखी एक गोष्ट त्याने बऱ्याच वेळाने सांगितली. दुपारच्या सुट्टीत बाकीची पोरं डबे उघडायची. याच्याकडे डबा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी याला आपल्यातलं दिलं, दुसऱ्या दिवशीही दिलं. तिसऱ्या दिवसापासून हा "भूक नाही" सांगून जिन्यात जाऊन बसायला लागला. कुठे राहतोस म्हणून विचारलं तर बहिणीकडे म्हणायचा. मग एकाने विचारलं, बहीण डबा देत नाही का रे? दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाही. तुमच्या संवादकौशल्याच्या कुठल्या धड्यात याचं उत्तर बसतं ते मला सांगा.

त्यानंतर मी वर्गाचा निम्मा खर्च काढून घ्यायला लावला आणि त्याची उचल सुरू केली. कामावर चढलेल्या माणसाला पहिले दोन महिने दर शनिवारी ठरावीक रक्कम हातात द्यायची आणि पगार सुरू झाला की हप्त्यांनी परत घ्यायची. रेल्वेचा मासिक पास पहिल्या दिवशीच काढून द्यायचा, पैसे नव्हे, पास. निवाऱ्याच्या स्वयंपाकघरातून सकाळी डबा. ठेकेदाराला आठवड्याला पैसे द्या म्हणून विनवून पाहिलं. एकाने मान्य केलं, बाकीच्यांनी "सिस्टीममध्ये बसत नाही" म्हणून हात वर केले. उचल काहींनी बुडवली, हो. सरांनी त्यांची यादी करून बैठकीत वाचली. मी वर्गाला येऊन गेलेल्यांपैकी महिन्यानंतर कामावर असलेल्यांची यादी मागितली, ती मात्र आली नाही.

परभणी दुसऱ्यांदा एका रुग्णालयातल्या सफाईच्या कामावर लागला आणि हिवाळा संपेपर्यंत टिकला. मग लग्नसराई आली आणि केटरिंगवाल्याने त्याला वाढप्यांचा कॅप्टन केलं, पैसे जास्त. गेला. देणगीदाराच्या तक्त्यात रकाना होता, 'सहा महिने त्याच नोकरीत आहे का?' सरांनी तिथे 'नाही' भरलं आणि तो अयशस्वी ठरला. जास्त पैशासाठी नोकरी बदलली तर तुमच्या भाच्याचं कौतुक होतं, निवाऱ्यातला माणूस तेच करतो तेव्हा तो पळपुटा. हे मला आजही गिळवत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, निदान अर्ध्याकडे.

सर प्रत्येक बैठकीत "परदेशात बघा" म्हणायचे, म्हणून मी बघितलं. न्यूयॉर्कची डो फंड नावाची संस्था १९९० पासून बेघर आणि तुरुंगातून सुटलेल्या पुरुषांसाठी कार्यक्रम चालवते. निळा गणवेश, हातात झाडू, रस्ते साफ करायचे आणि त्याची मजुरी मिळते, सोबत राहायला जागा. शिकवणं आहेच, पण पगारी काम करता करता. त्याच देशात न्यू हॅम्पशायरमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी एक पद्धत उभी राहिली: आधी खरी नोकरी, मग त्या नोकरीपुरतं शिकवणं आणि मागे भक्कम आधार. तिची अनेक देशांत तपासणी झाली आणि आधी-शिका-मग-लागा या पद्धतीपेक्षा ती सरस ठरली. हे मी सरांना छापून दिलं होतं. त्यांनी 'आपल्याकडची परिस्थिती वेगळी' असं म्हटलं. वेगळी आहे म्हणूनच तर परदेशाचं नाव काढू नका म्हणत होते ना मी!

तर वर्ग आठवड्याचा ठेवा, फार तर दहा दिवसांचा, आणि त्यात कागदपत्रांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आधारवर पत्ता नाही हे रडगाणं सगळीकडे ऐकाल. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं, हे केंद्रावरच्या मुलालाच पुष्कळदा ठाऊक नसतं. नमुन्याची प्रत घेऊन सोबत माणूस पाठवा. तोवर बँकेत 'छोटं खातं' उघडता येतं. फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा पुरतो. पण मेख अशी की त्यातून महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाहीत. पगार बारा हजार असेल तर पहिल्याच महिन्यात माणूस बँकेच्या दारात भांडताना दिसेल. शिवाय ते खातं मुळात १२ महिन्यांपुरतं असतं. तेवढ्यात आधार करून पक्कं खातं घ्या.

पगाराची पावती वाचायला शिकवा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण पहिल्या पगाराला निम्मी भांडणं इथे होतात. बोलणी झाली एका आकड्याची, हातात आला दुसराच. पीएफचे १२ टक्के, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे पाऊण टक्का, वर गणवेशाचे पैसे. माणसाला वाटतं मुकादमाने खाल्ले, आणि आजवरच्या अनुभवाने त्याला तसं वाटणं अगदी रास्त आहे. कधी कधी खरंच खाल्लेले असतात. पीएफचा नंबर मिळाला का, तो चालू आहे का, हे तुम्ही तपासा, त्याच्यावर सोडू नका.

निवारा तुमच्या हातात असेल तर आधी त्याच्या दाराचं बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा असं सांगितलं आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत तो चोवीस तास, बारा महिने उघडा हवा असं होतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले, आणि सव्वाशेच्या घरात निवारे हवेत तिथे आपण त्याच्या जवळपासही नाही. जे आहेत त्यांतले कित्येक रात्री दहाला कडी लावतात आणि सकाळी आठला माणसं बाहेर काढतात. दुसऱ्या पाळीचा माणूस साडेअकराला येऊन ओट्यावर झोपतो, रात्रपाळीवाल्याला दिवसा पाठ टेकायला जागा नाही. वर फोन चार्ज करायला चाळीस माणसांत एक बोर्ड. फोन बंद म्हणून सुपरवायझरने दुसरा माणूस घेतला, असं आमच्याकडे सारखं व्हायचं. कुलपाची पेटी, जास्तीचे स्विच आणि गणवेश वाळत घालायला दोरी, एवढ्याने जेवढी माणसं टिकली तेवढी कुठल्याही प्रेरणादायी वक्त्याने टिकवली नाहीत.

मालकांचाही वर्ग घ्या. मी गमतीने म्हणत नाही. सुपरवायझरला बोलावून चहा पाजा आणि समजावा की हा कुठे झोपतो हे चारचौघांत विचारायचं नाही, पहिल्या खाड्याला हाकलायचं नाही, आधी आम्हाला फोन करायचा. १९८५ मध्ये फूटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असं म्हटलं. ही माणसं कामाच्या जवळ राहायला मिळावं म्हणून फूटपाथवर आहेत, हे त्या निकालातच आहे. तरी १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे, आणि मळके कपडे घालून सिग्नलला पेन विकणारा माणूसही त्याच्या तडाख्यात सापडू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, महाराष्ट्रात नाही. तुमच्या प्रत्येक माणसाच्या खिशात निवाऱ्याचं ओळखपत्र हवं ते यासाठी. कामावरून परत येताना उचलला गेला तर नोकरीही जाते.

एवढं तावातावाने लिहिलं, त्याला काही पुरवण्या जोडते. मी प्रामुख्याने एकट्या, धडधाकट पुरुषांसोबत काम केलं. बायकांचं गणित निराळं आहे. मूल कुठे ठेवायचं आणि अंधारात परत कसं यायचं, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय त्यांच्यासाठी नोकरीची भाषा बोलू नका. ज्याला टीबी आहे, ज्याची दारू सुटत नाही, त्याला आधी उपचार लागतील. मात्र तोवर काम नाहीच, असंही करू नका; अर्ध्या दिवसाचं काम पुष्कळांना सावरतं. मनोरुग्ण असेल तर त्याचे उपचार हे आपलं काम नव्हे, कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते, तशा जागी विचारा. आणि साठीच्या पुढच्या माणसाला 'रोजगारक्षम' करण्याच्या भानगडीत पडू नका, पासष्ट पूर्ण झाली असतील तर त्याची श्रावणबाळ योजनेची पेन्शन लावून द्या.

बायोडेटाचं विचारलंत. या कामांना बायोडेटा कोणी मागत नाही. मुलाखतीचा सराव हवाच असेल तर एक तास पुरे, आणि त्यात एकच गोष्ट घोकून घ्या: मधली वर्षं कुठे होतास, याला काय सांगायचं. "केटरिंगमध्ये होतो" हे खरंही असतं आणि पुरतंही.

पैशांचं मात्र आत्ताच ठरवा. उचल, पास, डबा, कुलपं यांतलं काहीही प्रस्तावाच्या 'प्रशिक्षण खर्च' या रकान्यात बसत नाही. आम्ही ते 'इतर' मध्ये घातलं होतं आणि लेखापरीक्षकाने बरोब्बर त्यावरच बोट ठेवलं. तुम्ही देणगीदाराकडून पहिल्याच बैठकीत वेगळा रकाना मागून घ्या, आणि तो देत नसेल तर प्रोजेक्टर कापा.