एसीचं काम धरण्याआधी

धंद्यात नवा आहेस म्हणून सांगतो, भिंतीला ड्रिल लावण्याआधी कागद बघ. दीड टनाचा स्प्लिट साधारण दीड किलोवॅट ओढतो. गिऱ्हाईक तीन खोल्यांत लाव म्हणालं की आधी त्याचं वीजबिल माग, त्यावरचा मंजूर भार, म्हणजे त्या घराला किती किलोवॅट मंजूर आहेत, ते वाच. कमी पडत असेल तर वीज खात्याकडे भारवाढीचा अर्ज पहिला, एसी मागाहून. वायरिंग आणि अर्थिंग परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घे. इथे घाई करणारी माणसं मला अजिबात पटत नाहीत, घरात पोरंबाळं असतात.

पणजीत फोंतेन्यासमध्ये काम मिळालं तर जास्त जप. जुनी वारसा वस्ती ती, रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवर आउटडोअर युनिट टांगू नकोस. मागच्या अंगणाकडची भिंत शोध, आणि तीही महापालिकेत विचारूनच.

फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी लेखी घे. ड्रेनचं पाणी खालच्यांच्या बाल्कनीत टपकलं की तोंडी होकार कुणाला आठवत नाही.

आणि हो, एसीत थंडावा देणारा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. गळती साबणाच्या पाण्याने शोध, जवळ काडी पेटू देऊ नकोस.