उत्तर ३/२ हवं, पडद्यावर १.५ येतं

ग्राफिंग कॅल्क्युलेटरचे बरेच प्रश्न साठले होते, ते या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) टीआय-८४ प्लस आणि त्याच्याच रंगीत सीई आवृत्तीला धरून आहेत. कॅसिओचं वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : वर्गसमीकरणाची मुळं काढणारा प्रोग्रॅम लिहिला. ए, बी, सी यांना ६, −७, −३ दिले की १.५ आणि −.३३३३३३३३३३ अशी उत्तरं येतात. मला अपूर्णांक हवेत. शेवटी ►फ्रॅक (दशांशाचा अपूर्णांक करणारी आज्ञा) लावून पाहिलं, तर दुसरं मूळ −३३/१०० आलं! चूक कुठे आहे?
— आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या प्रोग्रॅममध्ये ►फ्रॅकच्या आधी कुठेतरी 'राउंड' वापरून उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत आणलेलं असणार. ती ओळ काढा. एकदा −.३३ साठवलं गेलं की १/३ चा मागमूस उरत नाही. ►फ्रॅकला समोर दिसतो तो −.३३, आणि त्याचा अपूर्णांक −३३/१०० हाच. कॅल्क्युलेटरचं चुकलेलं नाही.

भागाकाराचं उत्तर हे यंत्र दशांशातच ठेवतं. आत १४ अंक असतात, पडद्यावर १० दिसतात. ►फ्रॅक त्या दशांशाशी जुळणारा अपूर्णांक शोधून दाखवतं, एवढंच. म्हणून हातानं .३३३३३ एवढंच टाकून १/३ मिळत नाही, त्याहून बरेच जास्त ३ टाकावे लागतात. छेद फार मोठा झाला तरी शोध सोडून देऊन दशांशच दाखवला जातो. माहितीपुस्तिकेत ही मर्यादा तीन अंकी छेदाची दिली आहे. √२ सारख्या अपरिमेय संख्येवर तर त्याचा उपयोगच नाही.

मूळ एक्समध्ये साठवलं असेल तर साध्या कामाला 'डिस्प एक्स►फ्रॅक' ही ओळ पुरते. 'मॅथ' कळ दाबून १ दाबलं की ►फ्रॅक येतं. ते नेहमी ओळीच्या शेवटी ठेवा. ग्राफच्या पडद्यावर 'टेक्स्ट'नं लिहायचं असेल तर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

खात्रीचा मार्ग म्हणजे भागाकार करायचाच नाही. अंश आणि छेद वेगळे सांभाळायचे. विवेचक (बी² − ४एसी) टी मध्ये ठेवा. तुमच्या समीकरणात तो ४९ + ७२ = १२१, वर्गमूळ ११. आता −बी + √टी हा अंश एन मध्ये आणि २ए हा छेद डी मध्ये ठेवा : १८ आणि १२. त्यांचा मसावि जी मध्ये घ्या : ६. दोघांना जी नं भागलं की ३ आणि २. दुसऱ्या मुळासाठी −४ आणि १२, मसावि ४, म्हणून −१ आणि ३.

मसाविसाठी 'मॅथ', मग 'नम' यादीत ९ वर 'जीसीडी' आहे. त्याला ऋण संख्या दिली की 'डोमेन' एरर येते आणि बहुतेकांचा प्रोग्रॅम इथेच अडतो. म्हणून दोन्ही संख्या 'एबीएस'मध्ये (निरपेक्ष किंमत) घालूनच द्या. ०.५ सारखा सहगुणकही चालत नाही. तेव्हा सुरुवातीलाच ए, बी, सी तिन्हींना १० नं किंवा १०० नं गुणून पूर्णांक करून घ्या, मुळं बदलत नाहीत. छेद ऋण आला तर अंश आणि छेद दोघांचं चिन्ह पालटा, नाहीतर पडद्यावर ३/−२ असं ओंगळ काहीतरी येईल. अंश शून्य असेल तर सरळ ० दाखवा, छेद १ असेल तर नुसता अंश.

हे सगळं √टी पूर्णांक असेल तेव्हाच करायचं. त्यासाठी √टी चा 'एफपार्ट' (दशांश भाग) शून्य आहे का ते 'इफ'नं तपासा. नसेल तर −बी, टी आणि २ए हे तीन आकडे वेगवेगळे दाखवा आणि करणीचं रूप कागदावर लिहा. नेमकं उत्तर मागितलं असेल तर हेच कामाला येतं.

छापताना : 'टेक्स्ट'ला ओळ, स्तंभ आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन कितीही तुकडे देता येतात, म्हणजे एन, मग अवतरणात तिरकी रेघ, मग डी. 'आउटपुट' एका वेळी एकच तुकडा घेतं. 'टेक्स्ट'च्या आधी 'क्लिअरड्रॉ', 'ॲक्सिसऑफ' आणि 'एफएनऑफ' द्या, नाहीतर अक्षरांवरून अक्ष आणि जुने आलेख जातात. हे आधी कुणी सांगत नाही, आणि मग पंधरा मिनिटं नुसती डोकेफोड होते.

प्रश्न : उत्तर दोन दशांश स्थळांत यावं म्हणून प्रोग्रॅममध्ये 'फिक्स २' टाकलं. आता प्रोग्रॅमबाहेरची साधी गणितंही दोनच स्थळांत दिसतात. बिघडलं आहे का?
— पालक, नाशिक

उत्तर : नाही. 'फिक्स' ही संपूर्ण कॅल्क्युलेटरची मांडणी आहे, प्रोग्रॅम संपला तरी ती तशीच राहते. शेवटच्या ओळीत 'फ्लोट' (दशांश स्थळं न बांधणारी मांडणी) लिहा. मुलानं 'ऑन' दाबून प्रोग्रॅम मध्येच थांबवला तर ती ओळ चालतच नाही, मग 'मोड' उघडून 'फ्लोट' निवडावं लागतं.

'फिक्स' फक्त दिसणं बदलतं, 'राउंड' संख्याच बदलतं. २/३ फिक्समध्ये .६७ दिसतो, पण ३ नं गुणलं की २.०० येतात. राउंड करून साठवलेल्या .६७ ला ३ नं गुणा : २.०१. म्हणून मधल्या पायऱ्यांत राउंड नको. उलट, रुपये-पैशांत २.५० असं शेवटचं शून्य दिसायला हवं असेल तर फिक्सच लागतं, कारण राउंड नुसतं २.५ दाखवतं. एक धोकाही आहे : 'फिक्स २'मध्ये ०.००४ हे शून्यच दिसतं.

प्रश्न : आमच्या परीक्षेत उत्तर नेमकं किंवा तीन सार्थक अंकांत द्यायचं असतं. 'राउंड एक्स, ३' पुरेल का?
— विद्यार्थी, मुंबई

उत्तर : नाही. ते तीन दशांश स्थळं देतं. ०.०१२३४५ चं .०१२ होईल, म्हणजे सार्थक अंक दोनच. अमेरिकेतल्या एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत दशांश उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत बरोबर लागतं, तिथे राउंड ठीक आहे. तुम्ही सांगता तो आयबीचा नियम वेगळा.

एक्सच्या निरपेक्ष किमतीचा 'लॉग' घ्या, त्यावर 'इंट' (खालचा पूर्णांक) लावा, २ वजा करा आणि १० चा तेवढा घात पी मध्ये ठेवा. मग एक्स भागिले पी, ते शून्य स्थळांपर्यंत राउंड, आणि पुन्हा गुणिले पी. ०.०१२३४५ साठी लॉग सुमारे −१.९१, इंट −२, पी म्हणजे १० चा −४ वा घात. भागाकार १२३.४५, राउंड १२३, उत्तर .०१२३. १२३४.५ चे याच रीतीनं १२३० होतात. इथे 'आयपार्ट' घेऊ नका, ते −१.९१ चं −१ करतं आणि एक अंक कमी पडतो. एक्स शून्य असेल तर लॉग एरर देतो, ती अट आधीच घाला.

घाई असेल तर 'मोड'मध्ये 'साय' (१० च्या घातांतली मांडणी) आणि 'फिक्स २' निवडा : ०.०१२३४५ चं १.२३ई−२ दिसेल. पण पेपरात ई लिहू नका, १.२३ × १० चा −२ वा घात असं लिहा.

प्रश्न : मैत्रिणीचा टीआयचा प्रोग्रॅम कॅसिओवर उतरवला. 'फ्रॅक' लावलं तर २.७५ चं ०.७५ येतं.
— वाचक, ठाणे

उत्तर : नाव सारखं, काम वेगळं. कॅसिओचं 'फ्रॅक' संख्येचा फक्त दशांश भाग देतं, म्हणजे टीआयच्या 'एफपार्ट'चं काम. 'इंट'चीही तीच गत : कॅसिओचं 'इंट' टीआयच्या 'आयपार्ट'सारखं शून्याकडे कापतं, खालच्या पूर्णांकाकडे नेणारं तिथे 'इंट्ग' आहे. वरच्या उत्तरातली सार्थक अंकांची रीत कॅसिओवर लिहिताना 'इंट'च्या जागी 'इंट्ग' घ्या.