कॅरममध्ये स्ट्रायकर कोठे थांबतो ते पाहा

आपण कराडहून विचारले आहे की, सुटीत मुलांसाठी कॅरम आणला, पण जोरात मारलेल्या सोंगट्या पॉकेटच्या तोंडावरून परत येतात, आणि राणी कधी घ्यायची व गुण कसे मोजायचे यावरून घरात रोज वाद होतो. या सगळ्याचे मूळ माझ्या मते एकच आहे. आपण सगळे सोंगटीकडे पाहत बसतो आणि स्ट्रायकर कोठे जाऊन थांबला हे पाहत नाही.

मी हा खेळ सांगलीच्या गावभागात काकांकडे शिकले. पहिला महिनाभर त्यांनी मला डाव खेळूच दिला नाही. समोरच्या उजव्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर एकच सोंगटी ठेवायची, ती घालवायची, आणि स्ट्रायकर समोरच्या कडेला लागून परत मधल्या मोठ्या वर्तुळात आला तरच फटका मोजायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. सोंगटी बहुतेक वेळा जायची. स्ट्रायकर मात्र कधी कोपऱ्यात अडकायचा, कधी सोंगटीच्या मागोमाग पॉकेटात उतरायचा. तेव्हा राग यायचा. आज मी स्वतः मुलांना शिकवायला बसते तेव्हा सुरुवात याच एका सोंगटीपासून करते.

स्ट्रायकर मागोमाग का जातो, हे वजनावरून कळते. नियमाप्रमाणे सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची असते आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. इतकी जड वस्तू हलक्या वस्तूवर सरळ आदळली की ती थांबत नाही, पुढेच सरकते. म्हणून पॉकेटच्या रेषेतली सरळ सोंगटी दिसायला सोपी असली तरी ती हळुवार टिचकीनेच घालवावी, किंवा स्ट्रायकर बेसलाइनवर, म्हणजे तो ठेवायच्या आपल्यासमोरच्या दुहेरी रेषेवर, बोटभर बाजूला सरकवून थोडा कट देऊन, म्हणजे सोंगटीच्या मध्याऐवजी बाजूला लावून, मारावी, म्हणजे स्ट्रायकरची वाट बदलते.

सोंगट्या परत येण्याचे कारणही जोरच आहे. पॉकेटचा व्यास सुमारे ४.४५ सेंटिमीटर आणि सोंगटीचा जास्तीत जास्त ३.१८ सेंटिमीटर असतो, म्हणजे दोन्ही बाजूंची मोकळी जागा मिळून सव्वा सेंटिमीटरच उरते. हळू आलेली सोंगटी कडेला घासली तरी आत पडते, तर वेगाने आलेली त्याच जागी कडेवर आपटून बाहेर फेकली जाते.

नेम धरताना बहुतेकांची एक चूक होते. सोंगटीच्या ज्या बिंदूवर मार बसायला हवा, त्या बिंदूवर ते स्ट्रायकरचा मध्य रोखतात. स्ट्रायकरलाही रुंदी असल्यामुळे तो त्याआधीच दुसऱ्या ठिकाणी टेकतो, कट कमी बसतो आणि सोंगटी पॉकेटच्या अलीकडच्या कडेला लागते. त्याऐवजी पॉकेटपासून सोंगटीच्या मध्यातून जाणारी रेषा मनात मागे वाढवावी, त्या रेषेवर सोंगटीला चिकटून स्ट्रायकर ठेवला आहे असे समजावे आणि त्या कल्पित स्ट्रायकरच्या मध्यावर नेम धरावा. मुलांना हे तोंडी सांगून कळत नाही. दुसरा एक स्ट्रायकर खरोखरच त्या जागी ठेवून दाखवला की पहिल्याच दिवशी कळते.

बोटाबद्दल फार आग्रह धरू नये. कोणी तर्जनीने सरळ मारतो, कोणी तर्जनी आणि मधल्या बोटाची कात्री करतो, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत अंगठ्याने मारलेलेही चालते. मात्र बोट स्ट्रायकरच्या अगदी जवळ असावे आणि उरलेली बोटे बोर्डावर टेकलेली असावीत. लांबून मारलेल्या टिचकीने नखही दुखते आणि दिशाही चुकते. स्ट्रायकर ढकलणे हा फाउल आहे.

बोर्ड समपातळीत नसेल तर वरचे सगळे व्यर्थ आहे. काकांचा बोर्ड ऑगस्ट २०१९च्या महापुरात तळमजल्यावर राहिला. प्लायवुड फुगले, आणि वाळल्यानंतरही हळू मारलेली सोंगटी शेवटच्या वीतभरात डावीकडे वळू लागली. त्यावर खेळलेल्या मुलांच्या हाताला चुकीचे वळण लागले, हे मला फार उशिरा उमगले. गवंड्याकडची पाणसळ आडवी आणि उभी ठेवून बोर्ड एकदा तपासून घ्यावा. बोरिक पावडर चिमूटभर पुरते. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत ती ओल धरते, तेव्हा जास्त पावडर टाकण्यापेक्षा बोर्ड कोरड्या फडक्याने पुसून घेणे बरे. पूर्वी मंडळांच्या स्पर्धांत बोर्डावर टांगलेल्या पिवळ्या बल्बच्या उबेने तो कोरडा राहत असे. एलईडी दिव्याने उजेड मिळतो, ऊब मिळत नाही.

आता नियम. राणी मध्यभागी, तिच्याभोवती सहा आणि त्याबाहेर बारा सोंगट्या काळी-पांढरी अशा आलटून पालटून लावतात. बोर्ड फोडणाऱ्याच्या, म्हणजे पहिला फटका मारणाऱ्याच्या, सोंगट्या पांढऱ्या. स्ट्रायकर बेसलाइनच्या दोन्ही रेषांना टेकलेला असावा, आणि टोकाच्या लाल वर्तुळाला एक तर पूर्ण झाकावे किंवा अजिबात शिवू नये. स्ट्रायकर पॉकेटात गेला की आधी घालवलेल्या स्वतःच्या सोंगट्यांपैकी दंडाची एक सोंगटी बाहेर येते आणि पाळी जाते. त्याच फटक्यात स्वतःची सोंगटीही गेली असेल तर ती आणि दंडाची मिळून दोन बाहेर येतात, पण पाळी राहते. बाहेर आलेल्या सोंगट्या मोठ्या वर्तुळात प्रतिस्पर्धी ठेवतो.

आपल्याकडचा खरा वाद राणीचा आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. स्वतःची किमान एक सोंगटी गेल्यावरच राणी घेता येते, आणि त्याच किंवा लगेच पुढच्या फटक्यात स्वतःची सोंगटी घालवून ती कव्हर, म्हणजे पक्की, करावी लागते. नाही झाली तर ती पुन्हा मध्यभागी येते. राणी बोर्डावर असताना स्वतःची शेवटची सोंगटी घालवणारा तो बोर्ड, म्हणजे तो डाव, हरतो. जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण मिळतात, आणि राणी त्याने कव्हर केली असेल तर आणखी ३. हे राणीचे गुण जिंकणाऱ्याचे गेममधले एकूण गुण २१ असेपर्यंतच मिळतात; २२ झाले की ती जिंकणाऱ्यालाही काही देत नाही. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो.

हरणाऱ्याने राणी घेतली तर तिचे गुण कोणालाच मिळत नाहीत, ही गोष्ट घरी खेळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते राणीचा निम्मा विचार इथेच आहे. समजा, समोरच्याच्या दोन सोंगट्या उरल्या आहेत, आपल्या पाच, आणि बोर्ड हातचा गेल्यात जमा आहे. अशा वेळी राणी आणि एक सोंगटी जवळजवळ मिळत असतील तर त्या दोन्ही घ्याव्यात. आधी आठ गुण जाणार होते, आता चारच जातील. उलट आपण पुढे असताना राणीची घाई करू नये. आधी कव्हरसाठीची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी आणून ठेवावी, मग राणीला हात लावावा. राणी घेतल्यावर स्ट्रायकर कोठेही थांबो, तो पुन्हा बेसलाइनवरच येतो, हे खरे. पण धावत्या स्ट्रायकरने कव्हरची सोंगटी हलवली तर राणी हातची जाते. काकांची ती एका सोंगटीची शिकवण इथे उपयोगी पडते.

काळीला १०, पांढरीला २० आणि राणीला ५० असा घरगुती हिशेब लहान मुलांसाठी राहू द्यावा, कारण त्यात चौघांनाही शेवटपर्यंत काहीतरी मिळत राहते. मोठ्या मुलांना मात्र २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला विश्वविजेते झालेले मुंबईचे प्रशांत मोरे यांच्या सामन्यांचे चित्रीकरण दाखवावे, आणि सोंगट्या विसरून फक्त स्ट्रायकरची वाट बोटाने हवेत गिरवायला सांगावी.